कावळ्याचा निरोप

आमच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच नव्हती. ओसरीला लागूनच अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती आणि ती चालू असली की ताटावर बसून मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं. वीज गेली की गिरणी थांबायची, पण आमचे आवाज तेवढेच उंच राहायचे. मग शेजारच्यांना कळायचं की आज आमच्याकडे हुलग्याची शेंगुळी केली आहे आणि ती खारट झाली आहे. सगळ्या घरावर पिठाचा पातळ थर असे, देवांच्या फोटोंवर, आईच्या भुवयांवर, माझ्या मोबाईलच्या काचेवर. नेकनूरच्या बाजाराच्या आदल्या दिवशी दळणाचे डबे ओसरीपासून रस्त्यापर्यंत रांगेत लागायचे. बायका आपला डबा रांगेत ठेवायच्या आणि सरूआत्याजवळ येऊन बसायच्या.

सरूआत्या अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती सासर सोडून भावाकडे आली आणि गिरणीच्या शेजारच्या खोलीत राहिली. अण्णा घरातलं शेंडेफळ, त्यांना तिनंच कडेवर वाढवलेलं, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या वडिलांना ती चारचौघांत "ए पोरा" म्हणायची आणि ते "काय आक्का" म्हणून उभे राहायचे. तिला वाचता येत नव्हतं. पण आसपासच्या पाच-सहा गावांत कुणाच्या घरी मयत झाली की आत्याला निरोप यायचाच. आमच्याकडे बायका नुसत्या रडत नसत, सांगून रडत. गेलेल्या माणसानं काय केलं, काय सोसलं, कुणाला दिलं, कुणाचं बुडवलं, हे सगळं त्या रडण्यात यायचं. आणि त्याचा एक नियम होता. सांगून रडताना जे निघेल ते खरं धरायचं, पण पुन्हा त्याचा विषय काढायचा नाही. मातीबरोबर तेही जायचं. आत्याच्या रडण्यात खोटं नसतं असं लोक म्हणायचे, आणि तिला जगात दुसरी कसली मिळकत नव्हती.

आज मी आत्याच्या तेव्हाच्या वयाचा झालो आहे. आमच्या घरात अजूनही अशी गोष्ट सांगतात की म्हातारपणी आत्याला भ्रम झाला होता आणि जिवंत माणूस मेला समजून ती दिवसभर रडत बसली होती. माझ्या नाती ही गोष्ट हसत हसत सांगतात. ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे माहीत असलेला मी एकटा उरलो, म्हणून लिहायला बसलो.

तेव्हा मी बारावी होऊन घरीच होतो. ते दिवस छोट्या व्हिडिओंचे होते. आता नातींना समजावून सांगावं लागतं, की आम्ही मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून टाकायचो, तो पुरेशा लोकांनी पाहिला की कंपनीकडून बँकेत पैसे यायचे, आणि थोडं नाव झालं की दुकानदार जाहिरातीला बोलवायचे. "म्हणजे आबा, तुम्ही काय विकायचात?" असं धाकटीनं विचारलं. मी सुरुवातीला काहीही टाकायचो. कपिलधारला जाऊन धबधब्याचा व्हिडिओ केला, तो दोनशे लोकांनी पाहिला आणि त्यातले निम्मे आमच्याच गावचे. आई शेंगुळी वळताना दाखवली. गिरणीचा पट्टा तुटल्यावर अण्णा त्याला घालत असलेल्या शिव्या टाकल्या, त्या जरा चालल्या. गावातली पोरं मला "ए हिरो" म्हणायची. "किती पडले बे आज?" हा रोजचा प्रश्न. काहीच पडलेले नसायचे.

मग नांदूरघाटला अण्णांच्या एका चुलतभावाची मयत झाली. आत्या रडत होती आणि मी बायकांच्या मागं, भिंतीला पाठ लावून मोबाईल धरला होता. का धरला ते माहीत नाही, हात तसाच राहायचा तेव्हा. तो व्हिडिओ टाकला आणि आठ दिवसांत माझ्या आयुष्यात पाहिला नव्हता असा आकडा त्याखाली दिसायला लागला. परदेशातली माणसं रडक्या चेहऱ्यांची चित्रं पाठवत होती. कुणी लिहीत होतं, अशी आत्या आता कुठं राहिली. पहिले पैसे आले त्यात मी आईला मिक्सर आणला आणि बीडच्या एका साडीच्या दुकानानं मला जाहिरात करशील का म्हणून विचारलं. फक्त आत्या पाहिजे, ते म्हणाले, आणि नवीन व्हिडिओ पाहिजेत, जुना सगळ्यांनी पाहिला आहे.

आत्याला मी व्हिडिओ दाखवला तेव्हा ती स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली. "मी लई म्हातारी दिसती रे," एवढंच म्हणाली. मी तिला म्हटलं, आत्या, अजून एकदा रड ना, नुसतं थोडं.

"कोण मेलंय?"

"कुणी नाही. असंच."

"मेल्याबिगर रडत नसतेत, वैभ्या. घर खातं ते."

त्यानंतर दोन-तीन महिने आमच्या नात्यात कुणी गेलं नाही. मी वाट बघत होतो हे लिहिताना आज माझा हात थांबत नाही, तेव्हाही काही थांबलं नव्हतं. सकाळी उठून मी आकडा बघायचो, तो रोज थोडा खाली आलेला असायचा. साडीवाल्याचे फोन कमी झाले. आणि त्याच सुमाराला शेजारच्या आळीत एका माणसाच्या डोक्यावर कावळा बसला.

आमच्याकडे कावळा डोक्यावर बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं असं समजत. त्यावर उपाय असा, की दूरच्या नातेवाइकांना तो गेल्याचा खोटा निरोप धाडायचा. ते रडत निघायचे, आणि अर्ध्या वाटेत दुसरा निरोप यायचा की माणूस ठणठणीत आहे, कावळ्याचा निरोप होता. रडलेलं रडणं त्याच्या नावावर जमा व्हायचं आणि आयुष्य वाढायचं. कुणी रागावत नसे, उलट चहा व्हायचा. त्या माणसाच्या मेहुण्या दोन गावांहून रडत आल्या आणि संध्याकाळी हसत परत गेल्या. ते मी पाहिलं आणि मला वाटलं, हे तर चालतंच.

नातेवाइकाचं नाव घेता येत नव्हतं, अण्णांनी लगेच फोन केला असता. म्हणून मी गोदूमावशीचं नाव घेतलं. गोदूमावशी आत्याची सासरच्या गावची मैत्रीण, मोठ्या वाड्यातली सून. त्या गावाशी आमचा संबंध तुटून बरीच वर्षं झाली होती, पण पापड लाटताना, डोकं विंचरताना आत्याच्या तोंडात तिचं नाव असायचंच. दुपारची वेळ होती. वीज गेली होती, म्हणून आवाज स्वच्छ येणार होता. अण्णा तालुक्याला गेले होते. मी मोबाईल आत्याच्या खोलीतल्या कोनाड्यात, तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि मग बाहेर जाऊन पुन्हा आत आलो, आत्ताच फोन आल्यासारखा.

"आत्या, गोदूमावशी गेली."

फोन आला नव्हता. हे मी इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

आत्या मेथी निवडत होती. तिनं मांडीवरची पानं एका हातानं गोळा करून टोपलीत टाकली, एकही खाली पडू दिलं नाही. मग रडायला लागली. मी आजवर ऐकलेलं तिचं सगळ्यात मोठं रडणं ते. "अगं माझे गोदेऽऽ, मला न पुसता कशी गेलीस गं बाईऽऽ," अशी सुरुवात झाली आणि मग मोठ्या दुष्काळाचं साल निघालं. आत्याचा नवरा खडी फोडायला गेलेला, घरात दाणा नाही, पोटात पहिलं मूल. गोदू रोज पहाटे शेणाच्या पाटीत खाली ज्वारी आणि वर शेण घालून आत्याच्या दारात उपडी करून जायची. दोन महिने. वाड्यातली कणगी रिती दिसायला लागली तेव्हा चोरीचा आळ सालगड्यावर आला. विहाराजवळ राहणारा किसन. त्याला चावडीपुढं मारलं, बायकापोरांसकट गावाबाहेर काढलं. "किसन वरडत व्हता, म्या न्हाई घेतलं, म्या न्हाई घेतलं, आन् तू दाराआड हुबी राहून पदर चावलास गं गोदे, मला जगवायला तू गप ऱ्हायलीस, मीबी गप ऱ्हायले, आता कुणाला सांगू गं बाईऽऽ." ते मूल काही जगलं नाही, तेही तिनं सांगितलं. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मोबाईलची बॅटरी किती उरली आहे ते बघत होतो.

रडून झाल्यावर तिनं मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्यात बसून राहिली. आईनं चूल पेटवली नाही. शेजारणीनं रीतीप्रमाणं पिठलं-भाकरी आणून दिली, दुखवट्याच्या घरी देतात तशी. आत्यानं एक घास घेतला. मी दीड भाकरी खाल्ली. तोवर व्हिडिओ टाकून झाला होता. संध्याकाळी अण्णा आल्यावर मी सांगितलं, निरोप कावळ्याचा होता, मावशी बरी आहे. आई हसली. आत्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, चांगलंच झालं. तिनं आईकडून गूळ मागून घेतला आणि सगळ्यांच्या हातावर ठेवला. "शंभर वर्सं जगती आता गोदी," म्हणाली.

ही रीत घरापुरती होती. रडणं ऐकायला चार बायका, आणि त्याही गप्प बसायला बांधलेल्या. पाचव्या दिवशी ते लाखभर लोकांनी ऐकलं होतं. खाली एकानं लिहिलं होतं: 'किसन माझे आजोबा. गाव सुटलं ते सुटलंच. शेवटपर्यंत म्हणायचे, मी चोर नाही. आमच्या घरात आज सगळे रडतायत. थँक्यू आजी.' मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यामुळं ते वर दिसायला लागलं आणि व्हिडिओ आणखी चालला.

सातव्या दिवशी आमच्या दारात पांढरी गाडी थांबली. पुढून गोदूमावशीचा मुलगा भास्करराव उतरला, आणि मागून, त्याच्या हाताला धरून, एक वाकलेली गोरी म्हातारी. आत्या ओसरीवर होती. उठायला तिला वेळ लागला. दोघींनी एकमेकींचे हात धरले.

"जित्ती हाय गं मी, सरू," गोदूमावशी म्हणाली. "चिमटा काढून बघ."

"बघू का खरंच?"

"लई चांगलं रडलीस. दोनदा बघितलं मी. माझ्या लेकीबी एवढ्या रडायच्या न्हाईत." मग तिचा आवाज बदलला. "पर किसनचं कावून काढलंस?"

"तू मेलीस म्हून काढलं, बाई."

"मेल्यावर चाललं असतं गं. आता कसं करू? लेक, सुना, समदे माझ्या तोंडाकडं बघतेत."

भास्कररावानं चहाला हात लावला नाही. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, तोही तसाच राहिला. तो ओरडला मात्र नाही, मावशी म्हणूनच बोलला. "मावशी, आमच्या घरून निरोप आलेला न्हाई. आमच्याकडं कुणाच्या डोक्यावर कावळाबी बसला न्हाई. तुमाला सांगितलं कुणी?"

गिरणी चालू होती. अण्णांनी ती बंद केली आणि पिठानं पांढरे झालेले हात तसेच धरून दारात येऊन उभे राहिले. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी कदाचित बोललो असतो. ती फक्त बघून घेत होती, जसं दळणाचं पीठ चिमटीत धरून बघतात. गुळाचा खडा हातावर ठेवला त्या संध्याकाळपासून तिला माझं खोटं माहीत होतं की आत्ताच कळलं, हे मला कधी समजलं नाही.

"कुणी न्हाई सांगितलं," आत्या म्हणाली. "माझंच डोकं फिरलं. सपान पडलं."

"सपनात किसनबी आलता का?"

"आलता."

"आक्का?" अण्णा म्हणाले.

"तू गप, पोरा."

भास्कररावाची निवडणूक तोंडावर होती. विहाराकडची माणसं त्याच्या दारात येऊन बसली होती, खरं काय ते सांगा म्हणून. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्या मोबाईलवर मावशी रडल्या त्याच मोबाईलवर त्यांनी सांगावं, की म्हातारपणी भ्रम झाला, बोलले त्यात काही खरं नाही. गोदूमावशी जमिनीकडं बघत बसली होती. तिनं हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही.

व्हिडिओ मीच काढला. आत्याला उजेडाकडं तोंड करून बसवलं, पदर नीट करायला सांगितला. ती म्हणाली, "मी सरस्वतीबाई. माझं डोकं जाग्यावर ऱ्हात न्हाई. मी रडले ते खोटं. गोदूनं मला कायबी दिलं न्हाई. ज्वारी किसननंच नेली." मध्येच वाटेवरून एक ट्रॅक्टर गेला. मी म्हणालो, आत्या, पुन्हा एकदा, आवाज आला. तिनं पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. मला त्या वेळी काय वाटलं ते आठवायचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. काही वाटल्याचं आठवत नाही. चेहरा चौकटीत बसला आहे का, एवढं आठवतं.

गाडीत बसताना गोदूमावशीनं आत्याच्या गालावरून हात फिरवला.

तो दुसरा व्हिडिओ माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला. लोक हसत होते, 'आजी रॉक्स' लिहीत होते, कुणी त्याला गाणं जोडलं. भास्कररावाच्या माणसानं फोन करून सांगितलं तसं किसनच्या नातवाचं लिहिलेलं मी काढून टाकलं. नुसतं बोट लावायचं होतं. त्या महिन्याच्या पैशांत मी गाडी घेतली, जुनीच, पण चालू. किसनच्या नातवानं नंतर मला एकदाच लिहिलं, एकट्याला. 'खरं काय आहे दादा?' मी ते वाचलं आहे हे त्याला दिसत होतं. मी उत्तर दिलं नाही. पुढं ती कंपनी गेली, तो मोबाईल गेला, त्या नातवाचं नाव मला आठवत नाही. ह्या पानांवर त्याच्या घरातल्या कुणाची नजर पडली तर त्यांना हे सापडावं: ज्वारी किसननं नेली नव्हती. आत्याचं डोकं शेवटपर्यंत जागेवर होतं. ती पहिल्यांदा जे बोलली ते सगळं खरं होतं.

त्यानंतर आत्याला मयतीचे निरोप येणं बंद झालं. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही. भ्रम झालेल्या बाईला कशाला बोलवा, एवढंच. बायका दळण ठेवून बसायच्या, पण बोलताना तिच्याशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलायच्या, लहान मुलाशी बोलतात तसं. ती त्यांना तसं बोलू द्यायची. मला तिनं कधी एका शब्दानं विचारलं नाही. मी घरी आलो की वाढायची, पुरे म्हटलं तरी अर्धी भाकरी जास्त टाकायची. मी व्हिडिओ आणखी वर्षभर केले, मोबाईलच्या दुकानाचे, हॉटेलांचे, आणि मग ते आपोआप थांबले. अण्णांच्या हाताखाली गिरणीत बसलो आणि तिथंच राहिलो.

गोदूमावशी गेली ती त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. ह्या वेळी फोन खरंच आला, अण्णांच्या फोनवर. भास्कररावाच्या घरातल्या कुणीतरी केला होता, माती चार वाजता आहे म्हणून. अण्णा मोटर उघडून बसले होते, हात तेलानं माखलेले. ते म्हणाले, जा, आक्काला सांग आणि गाडीवर घेऊन जा. मी आत्याच्या खोलीत गेलो. दोन्ही हात मोकळे होते, मोबाईल मी मुद्दाम गिरणीतच ठेवून आलो होतो. ती पलंगावर बसून जुन्या लुगड्याची गोधडी शिवत होती.

"आत्या, गोदूमावशी गेली."

तिनं दोरा दातानं तोडला.

"खरंच गेली, आत्या. अण्णांना फोन आला. माती चारला आहे. चल, मी नेतो."

"गोदी?" ती म्हणाली. "ती गेल्या वर्सीच गेली की. मी रडले न्हाई का तिला?"

मी दारातच उभा राहिलो. भ्रमातलं बोलणं कसं असतं ते पुढं मी आईच्या शेवटच्या दिवसांत पाहिलं. हे तसं नव्हतं. तिनं सुईत दुसरा दोरा ओवला, पहिल्याच प्रयत्नात, आणि गोधडी मांडीवर फिरवून घेतली. अण्णा हात पुसत आले, त्यांनी दोनदा सांगितलं, तिनं त्यांनाही तेच उत्तर दिलं. अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हातारी गेली कामातून, अशी. मी ती मान तशीच हलू दिली. चार वाजून गेले. साडेचारच्या सुमाराला आत्यानं मला हाक मारली आणि म्हणाली, चहा ठेव रे थोडा, साखर कमी टाक.